सहा ऋतू आणि एक बॉम्ब शेल्टर

विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने ऋतूंच्या गप्पा मारू नयेत. सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सातच्या सुमारास मावळतो. जानेवारी असो की जून, त्याची हजेरी ठरलेली. दुपारी बत्तीस अंश, संध्याकाळी पाऊस, रात्री पुन्हा घाम. तरीही इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकाचं नाव 'ऋतुगंध', आणि त्याच्या अंकांना वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर अशी ऋतूंचीच नावं. शिशिर अंक मी पंख्याखाली बसून वाचला आहे. पंखा पाचवर होता.

पण मला विचाराल तर सिंगापूरइतके ऋतू जगात दुसरीकडे नसतील. ते बघायला मान वर करायची गरज नाही. कॉरिडॉरमधून एक चक्कर मारली तरी पुरे.

इथले बहुतेक लोक एचडीबीच्या, म्हणजे सरकारने बांधलेल्या इमारतींत राहतात. १९८९पासून नियम असा की चिनी, मलय, भारतीय यांचं प्रमाण प्रत्येक इमारतीत ठरावीक मर्यादेत राहायला हवं. सरकारचा हेतू थोर. त्यातून आमच्या मजल्याला मात्र कायमची सजावट लागली. समोरच्या आंटींकडे लाल कंदील आणि सोनेरी कागदी अननस लटकले की चिनी नववर्ष. कोपऱ्यातल्या मकचिकच्या, म्हणजे मलय मावशींच्या, दारी हिरव्या-पिवळ्या केतुपातच्या (विणलेल्या भातपुड्यांच्या आकाराच्या) माळा आल्या की ईद. लिफ्टशेजारच्यांच्या पायपुसण्यावर सांताक्लॉज आला की नाताळ. आमच्या दाराला प्लास्टिकचा झेंडू लागला की लिफ्टमध्ये भेटेल तो 'हॅपी दीपावली' म्हणतो, मग तो गणपती असो, दसरा असो की नवऱ्याचा वाढदिवस. आम्ही सगळ्यांना 'थँक यू' म्हणतो.

हे सगळे ऋतू उरलेल्या दिवसांत जातात कुठे? तर बॉम्ब शेल्टरमध्ये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. १९९७ साली इथे कायदा झाला आणि त्यानंतरच्या नव्या घरांत युद्धकाळात आसरा घ्यायला एक खोली आली. जाड काँक्रीटच्या भिंती, भिंतींना मनाप्रमाणे भोकं पाडायची बंदी, आणि बँकेच्या तिजोरीला शोभेल असं पोलादी दार. घरातली चार माणसं गुडघ्याला गुडघे लावून बसू शकतील एवढी जागा. सिंगापूरने ही खोली शत्रूच्या बॉम्बपासून वाचायला बांधली. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या जातीधर्मांच्या बायकांनी तिचा माळा केला. राष्ट्रीय ऐक्याचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या शेल्टरचं व्यवस्थापन दोन विचारसरणींत विभागलेलं आहे. नवरा नंबरवाला. त्याने प्रत्येक खोक्यावर आकडा टाकला आहे आणि कोणत्या आकड्यात काय, याची यादी फोनमध्ये ठेवली आहे. सासूबाई सांगलीहून येऊन-जाऊन असतात. त्यांचं सगळं स्मरणावर. नवरा फोनमध्ये शोधत असतो तोवर आतून आवाज येतो, "अरे, समया त्या निळ्या पिशवीत आहेत, पिशव्यांच्या पिशवीखाली." आणि समया तिथेच असतात. यादीत त्या 'खोका ७' मध्ये असतात. खोका सातमध्ये नवऱ्याचे जुने चार्जर निघतात.

वर्षाची सुरुवात पाडव्यापासून करू. गुढीला बांबू लागतो आणि बांबूंच्या बाबतीत एचडीबीचा हात कुणी धरणार नाही, कारण इथे कपडे बांबूवरच वाळत घालतात. प्रश्न खिडकीबाहेर उभारण्याचा. उंचावरून काही खाली पडलं तर त्याला इथे 'किलर लिटर' म्हणतात आणि कायदा अजिबात हसत नाही. नवव्या मजल्यावरून तांब्या खाली गेला तर नववर्षाचं स्वागत पोलीस चौकीत व्हायचं. म्हणून आमची गुढी कॉरिडॉरच्या बाजूच्या खिडकीला, जाळीच्या आतून घट्ट बांधलेली. समोरच्या आंटींनी ती पाहिली आणि काळजीने दार वाजवलं.

"इतकी चांगली साडी अशी वाळत घालू नये. रंग जातो. आणि भांडं का वाळत घातलंस?"

"नवीन वर्ष आहे आमचं."

"तुमचं नवीन वर्ष दीपावलीला ना?"

"ते वेगळं. मराठी लोकांचं हे."

आंटींनी थोडा विचार केला. "म्हणजे अंगबाव दोनदा मिळत असणार," त्या म्हणाल्या, म्हणजे सणाची लाल पाकिटातली ओवाळणी, आणि माझ्याकडे प्रथमच आदराने पाहिलं.

२०२५ साली पाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ला. मकचिकने डबाभर कुएह, म्हणजे मलय मिठाई, आणि केतुपातची जास्तीची माळ दिली, मी श्रीखंड दिलं. माळ हिरवी-पिवळी, विणकाम सुरेख. सासूबाईंनी ती आंब्याच्या डहाळीशेजारी दाराला लावली आणि लांब उभं राहून निर्णय दिला, "तोरणच आहे हे. उगीच वेगळ्या खोक्यात ठेवू नका."

घरातली सजावट निम्म्याने कमी करणारा सिद्धांत जन्माला आला तो असा. वस्तूला धर्म नसतो, तारीख असते. लाल कंदिलावरचं सोनेरी 'फू' अक्षर भिंतीकडे फिरवलं की तो दिवाळीचा. नाताळाच्या झाडावरची झिरमिळी गौरीच्या साडीला काठ म्हणून लागते. आणि दिव्यांच्या माळेला तर कुणीच काही विचारत नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

जुलैच्या पहिल्या तारखेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत घराबाहेर सिंगापूरचा झेंडा लावायला परवानगी असते, त्यामुळे आमचा गणपती दोन राष्ट्रांच्या आशीर्वादाने बसतो. आत मखर. सांगलीच्या घरात माळ्यावर सासऱ्यांनी केलेला थर्माकोलचा महाल होता. तो उतरवायला गल्लीतली दोन पोरं लागायची आणि दरवर्षी एक बुरूज शहीद व्हायचा. २०१८ साली महाराष्ट्राने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली, आणि बाजारात पुठ्ठ्याची, कापडाची, घडीची मखरं आली. त्या बंदीने पर्यावरणाचं किती भलं झालं ते तज्ज्ञ सांगतील. आमच्या विमानातल्या सामानाचं नक्की झालं. दादरला घेतलेलं अख्खं मखर साड्यांच्या घडीत बसून चांगीला उतरलं.

त्या मखरावर नवऱ्याने दिव्यांची माळ सोडली. आरतीला जमलेल्या मंडळींतले एक काका टाळ्या वाजवता वाजवता पुढे सरकले, चष्मा वर केला, माळ निरखली.

"हे मूषक का हो? छान आहेत. शिंगं कशी काय?"

ते रेनडिअर होते.

"कलाकाराचं स्वातंत्र्य," नवरा म्हणाला, आणि कापूर पुढे केला.

२०२५ साली गणपती बसले २७ ऑगस्टला आणि चिनी पितरांचा महिना चार दिवस आधीच सुरू झालेला. खाली लोक पूर्वजांसाठी कागदी नोटा जाळत होते, मंडपात गेताई, म्हणजे गाण्यांचे जाहीर कार्यक्रम, चालू होते. वर आमची आरती. ६ सप्टेंबरला तर अनंत चतुर्दशी आणि चिनी पितरांची मुख्य पौर्णिमा एकाच दिवशी आली. पुढच्या महिन्यात कोजागरी आणि मूनकेकचा सण ६ ऑक्टोबरला एकत्र. इमारतीतली पोरं कागदी कंदील घेऊन खाली उतरली तेव्हा मुलीने दिवाळीचा आकाशकंदील वेळेआधी शेल्टरमधून काढला आणि केरसुणीच्या दांड्याला अडकवून नेला. सगळ्यांत मोठा तोच. दोन आयांनी मला दुकानाचा पत्ता विचारला. तुळशीबाग, पुणे, असं मी सांगितलं. एकीने कोणत्या एमआरटी स्टेशनला उतरायचं ते विचारलं.

दिवाळीचा मामला वेगळा. इथली सुट्टी दीपावलीची, म्हणजे तमिळ पद्धतीने नरक चतुर्दशीची. त्यामुळे २०२५ साली सोमवारी २० ऑक्टोबरला अख्खा देश घरी आणि मंगळवारी लक्ष्मीपूजनाला आम्ही ऑफिसात. लक्ष्मी साडेसातनंतर आली तर बरं, असं सासूबाईंनीच देवीला सांगितलं. आंब्याची पानं टेक्काच्या बाजारातून विकत आणायची, कारण इमारतीखाली आंब्याचं झाड डवरलेलं असलं तरी सरकारी झाडाला हात लावायचा नाही. फटाक्यांवर १९७२पासून बंदी. फुलबाजीवर भागवायचं, आणि ती संपली की पोरांनी सेरंगून रोडवरची रोषणाई बघून समाधान मानायचं.

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे केरसुणीला हळद-कुंकू लागतं. हे आंटींना सांगितल्यावर त्यांचे डोळे विस्फारले. त्यांच्याकडे नववर्षाच्या पहिल्या दिवशी झाडू चक्क लपवतात, नाहीतर घरातलं भाग्य केराबरोबर बाहेर जायचं. एकाने पुजायची, दुसऱ्याने लपवायची. काहीही असलं तरी त्या दिवशी घर झाडायचं नाही, यावर मात्र दोन्ही प्राचीन संस्कृतींचं एकमत आहे असं आमच्या मुलीने वहीत लिहून ठेवलं आहे.

मग येतो २६ डिसेंबर. त्या एका रात्रीत इथल्या दुकानांत जे घडतं त्याला ऋतुबदल हाच शब्द. आदल्या संध्याकाळपर्यंत घंटा आणि बर्फ. सकाळी लाल मखमल, झांजा आणि अननसाच्या बिस्किटांचे डबे. बर्फ निम्म्या किमतीत. सासूबाईंनी हा दिवस कॅलेंडरवर खुणेने नोंदवून ठेवलेला असतो. पांढऱ्या कापसाची गुंडाळी दिसली की त्यांना ती वातींसाठी दिसते. चांदीचे गोळे गौरींच्या आराशीसाठी.

चिनी सजावटीत मात्र फसगत असते. तिच्यावर त्या वर्षाचं जनावर असतं आणि जनावर बारा वर्षांनी परत येतं. २०२५च्या सापांना सवलत भरघोस होती, पण पुढचा सर्पवर्षाचा मुहूर्त २०३७ला. "नागपंचमीला चालेल," असं म्हणून सासूबाईंनी दोन साप घेतले. २०२६च्या घोड्यावर तर त्यांनी आधीच हक्क सांगितला: खंडोबाच्या नवरात्राला. मी बारा राशींची यादी पुढे ठेवली. उंदीर गणपतीचा, बैल पोळ्याचा, वाघ देवीचा, माकड मारुतीचं. कोंबड्यापाशी जरा अडलं. "ठेवू. लागेल," त्या म्हणाल्या.

घर आवरण्याच्या पुस्तकांतल्या मारी कोंडो म्हणतात, वस्तू हातात घ्या आणि तिच्यामुळे आनंद होतो का ते बघा. सासूबाई वस्तू हातात घेतात आणि विचारतात, "हिने कुणाचं काही घोडं मारलंय का?" नाही ना? मग राहू दे. संक्रांतीचं वाण हे याच न्यायाने आमच्याकडे वाढलं. एकेकाळच्या दोन डॉलरवाल्या जपानी दुकानातल्या इवल्या डब्या, चमचे, चाळण्या. यातली निम्मी वाणं सिंगापुरातल्या मराठी घरांतून एवढी फिरली आहेत की त्यांना कायमस्वरूपी वास्तव्याचा दाखला मिळायला हरकत नाही.

महिन्यातून एकदा खाली कारुंग गुनीवाल्याचा भोंगा वाजतो. जुनी वर्तमानपत्रं, कपडे, बिघडलेले पंखे घेऊन जाणारा हा इथला रद्दीवाला. भोंगा ऐकला की मी खोकं उचलते आणि सासूबाई पदर खोचतात. खोकं दारापर्यंत पोचेस्तोवर निम्मं रिकामं झालेलं असतं. रद्दीवाल्याच्या हाती शेवटी नवऱ्याचे चार्जर लागतात. त्यावर घरात एकमत असतं. नवरा मतदानाला बोलावला जात नाही.

उपयोगी सल्ला हवा असेल तर थोडा आहे. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी गुंता सोडवताना मुहूर्त टळतो. बॅटरीवरच्या पणत्यांतल्या बॅटऱ्या आधी काढा. इथल्या दमट हवेत त्या पाझरतात. खोक्यांत ओल शोषणाऱ्या डब्या ठेवा, कागदी कंदिलाचा डिंक सुटत नाही. आणि जे खोकं सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी आत ठेवा. हा नियम आम्ही कसोशीने पाळतो, पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, चिनी अधिक महिना आमच्या अधिक महिन्याशी बोलत नाही, आणि जे हवं ते कायम तळाशी असतं.

वर्ष संपतं १५ फेब्रुवारीला. १९४२ साली याच दिवशी सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. त्या शरणागतीची आठवण म्हणून दरवर्षी संध्याकाळी सहा वीसला देशभर भोंगे वाजतात. शाळेत मुलांना शिकवतात की खरा इशारा झाला तर घरातल्या सगळ्यांनी शेल्टरमध्ये जायचं. मुलीने गांभीर्याने पोलादी दार उघडलं. समोर खोका एक ते अठरा, उभं ठेवलेलं नाताळाचं झाड, मखर, समया, दोन साप. नवऱ्याने हिशेब केला: सगळं बाहेर काढायला दीड दिवस, तेही शनिवार धरून.

"बाहेर काढून ठेवणार कुठे?" सासूबाई म्हणाल्या. "मखर चुरगळेल. ते राहू दे आत."

तेव्हा आता घरात सर्वानुमते ठरलं आहे. युद्ध झालंच तर सजावट सुरक्षित राहील. माणसं कॉरिडॉरमध्ये उभी राहतील, आणि तेही एका रांगेत, कारण आगीच्या नियमाप्रमाणे तिथे १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी लागते.