सुटे भाग आणि सुटे पैसे

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत नवा आयफोन निघतो, आणि तो निघाला की त्याच्यामागोमाग एक आकडा निघतो. दुकानातून फोन आणायचा, स्क्रूगणिक सोडवायचा आणि आतल्या प्रत्येक चकतीची किंमत मांडायची, हा तिकडे काही मंडळींचा रीतसर धंदा आहे. (आपल्याकडे घड्याळ सोडवणाऱ्या पोराला मार बसे, तिकडे पगार मिळतो.) ‘आयसप्लाय’ नावाच्या अशा एका संस्थेने २००७ सालचा पहिलावहिला आयफोन उघडला आणि सांगितले की, ५९९ डॉलरच्या या वस्तूत जेमतेम २६६ डॉलरचा ऐवज आहे. २०१७ साली आयफोन टेनची अशीच चिरफाड झाली. विक्री ९९९ डॉलरला, सुटे भाग ३७० डॉलरचे. त्या वेळच्या दराने हा सुमारे २४ हजारांचा माल, आणि भारतातली किंमत ८९ हजार. असा आकडा रत्नागिरीत पोचला की मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत एकमताने निकाल लागतो : ‘लुटतात मेले!’ निकाल देणाऱ्याच्या हातात बहुधा तोच फोन असतो, हा भाग वेगळा. आता लूट होते की नाही ते पाहूच. पण सुट्या भागांची बेरीज पुढे करून हा आरोप निदान रत्नागिरीकराने तरी करू नये, असे माझे म्हणणे आहे.

एक तर ती बेरीज अपुरी आहे. अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक २०१५ साली म्हणाले होते की, खर्चाचा असा एकही तक्ता खऱ्याच्या जवळपास जाणारा त्यांनी पाहिलेला नाही. आता, मालाचा खरा खर्च आजवर कुठल्या विक्रेत्याने गिऱ्हाइकाला सांगितला आहे? तेव्हा कुकसाहेबांचे विधान साक्षीपुराव्यात धरू नये. पण त्यांच्या कंपनीचा ताळेबंद जाहीर असतो, तो धरावा. सुट्या भागांच्या यादीत संशोधन नसते, फोन चालवणारी प्रणाली नसते, जाहिरात नसते, वाहतूक नसते, दुकानदार नसतो आणि सरकारही नसते. सरकार तर चांगले जाडजूड आहे. १ एप्रिल २०२०पासून मोबाइलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. म्हणजे ७९,९०० रुपयांच्या फोनमधले १२ हजारांहून अधिक रुपये कंपनीच्या हातीच लागत नाहीत. इथे कंपनीचे वकील खूश होतात आणि ‘संशोधनाला किती खर्च येतो ठाऊक आहे का?’ असे दरडावून विचारतात. ठाऊक आहे. २०२३च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलने संशोधनावर जवळजवळ ३० अब्ज डॉलर घातले. ऐकून छाती दडपते. पण त्या वर्षीची विक्री ३८३ अब्जांची होती. रुपयातले आठ पैसे संशोधनाला गेले आणि सगळा खर्च, सगळे कर भागवून २५ पैसे निव्वळ उरले. संशोधनाच्या तिप्पट फायदा करणाऱ्याने संशोधनाचे कण्हणे कण्हू नये.

मग किंमत ठरते कशावर? समोरचा किती देईल यावर, आणि याचा पुरावा फोन न उघडताही मिळतो. सप्टेंबर २०२३मध्ये साधा आयफोन १५ अमेरिकेत ७९९ डॉलरला होता आणि आपल्याकडे ७९,९०० रुपयांना. आपला जीएसटी वजा केला तर दोन्ही किमती जवळपास सारख्या. त्याचाच थोरला भाऊ, १५ प्रो, तिकडे ९९९ डॉलरला आणि आपल्याकडे १,३४,९०० रुपयांना. जीएसटी वगळा, तेव्हाचे वीस टक्के आयात शुल्क अधिभारासकट लावा, तरी दहा हजारांवर रक्कम उरते. साधा फोन घेणारा कुरकुर करत दुसऱ्या दुकानात जातो. प्रो घेणारा किमतीची पाटी पाहतच नाही, एवढेच त्या उरलेल्या रकमेचे स्पष्टीकरण. तोच साधा फोन १२८ऐवजी २५६ जीबीचा हवा असला तर दहा हजार जास्त पडत. तेवढीच वाढीव जागा देणारे मेमरी कार्ड तेव्हा बाजारात हजाराच्या आसपास मिळे. फोनमधली साठवण जास्त चपळ असते, हे मान्य. दहापट चपळाईचा उपयोग मात्र लग्नाचे तेच साडेचारशे फोटो न पाहता ठेवून देण्यापुरताच व्हायचा. २०२०पासून खोक्यातला चार्जरही गेला. पर्यावरणाच्या रक्षणासाठी तो काढला, असे सांगण्यात आले. पर्यावरणाची तितकी पर्वा नसणाऱ्यांसाठी तो वेगळा विकत मिळतो.

यात पाप असेल तर त्या पापात रत्नागिरी जिल्हा जुना भागीदार आहे. आमचा हापूस कुठे सुट्या भागांच्या बेरजेवर विकला जातो? कोय, साल आणि पाव किलो रस असा जमाखर्च मांडून एप्रिलमधल्या पहिल्या पेटीची किंमत कोणी काढली, तर बागायतदार त्याला बागेबाहेर काढील. फवारणी, राखण, झेल्याने एकेक फळ उतरवणारा माणूस, पेंढा, खोके, भाडे, हमाली, अडत हे सगळे धरले तरी मोसमाच्या तोंडाला मिळणारा भाव काही त्या खर्चातून निघत नाही. तो निघतो नावातून. नाव नसते तर कर्नाटकातल्या आंब्याला रत्नागिरीचा छाप मारलेल्या खोक्यात शिरण्याची हौस कशाला झाली असती? आणि मे संपता संपता तोच आंबा, त्याच झाडाचा, तितक्याच खर्चाचा, कॅनिंगला किलोवर जातो. खर्च बदलत नाही, घेणारा बदलतो. अ‍ॅपलचे चिन्हही शेवटी फळाचेच. फरक इतकाच, की एक घास खाल्लेले फळ आमच्याकडे कॅनिंगवालासुद्धा उचलणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आंबा चैनीचा, फोन गरजेचा. गरजेच्या वस्तूवर असा नफा कसा चालेल? आक्षेप वजनदार आहे. सात-बारावर पीक नोंदवायला २०२१पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे कलमे लावलेल्या बागायतदारालाही हापूस असल्याचा पुरावा फोननेच द्यावा लागतो. पण त्याला लाखाचा फोन लागत नाही, दहा-बारा हजारांचा पुरतो, आणि त्या थरात चढाओढ एवढी, की शाओमीने २०१८ साली यंत्रांवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांवर नेणार नाही असे जाहीरच केले. त्याच्याही खाली उतरायचे तर २०१६चा ‘फ्रीडम २५१’ आठवावा. २५१ रुपयांत स्मार्टफोन! नोंदणीला देश लोटला, संकेतस्थळ कोसळले, आणि दाखवायला ठेवलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले पत्रकारांना दिसले. खर्चाच्या वर विकणारा निदान वस्तू तरी देतो.

खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो फोन उघडून दिसत नाही. वरची मलई कोणाच्या वाटीत जाते? आयफोन ३जीचा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता. त्यात चीनमध्ये तो जोडणाऱ्यांच्या वाट्याला साडेसहा डॉलर आले. आयफोन ४च्या किमतीचे अमेरिकी अभ्यासकांनी वाटे केले तेव्हा ५८.५ टक्के अ‍ॅपलच्या नफ्यात आणि १.८ टक्के चिनी मजुरीत गेले. नाव ज्याचे, त्याला मलई; हात ज्याचे, त्याला खरवड. हापूसचे नाव मात्र कोणा एकाचे नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना. त्यामुळे अ‍ॅपलच्या क्युपर्टिनोत बसलेला मालक जगभरच्या किमती एका पाटीवर लिहितो, आणि नावाचे हजारो मालक असलेल्या कोकणात पेटी वाशीच्या बाजाराला रवाना झाल्यावर बागायतदार विक्रीच्या पट्टीची वाट पाहत बसतो. आपल्याच मालाचा भाव त्याला दुसऱ्याकडून कळतो. अवेळी पाऊस, तुडतुडे, फुलकिडे, साका हे सारे त्याच्या नावे; नावाची किंमत मधल्या हातांच्या नावे. खर्च आणि किंमत यांत अंतर आहे ही तक्रारच नव्हे. अंतर असावे, चांगले घसघशीत असावे. ते राबणाऱ्यापर्यंत पोचत नाही, ही तक्रार आहे, आणि ती शेन्झेनच्या मजुराची नि पावसच्या बागायतदाराची एकच आहे.

तेव्हा ज्याने सव्वा लाखाच्या फोनवर एक रुपयाही सुटला नाही तरी दुकानदाराशी हसून हात मिळवला, त्याने येत्या मोसमात त्याच फोनवरून बागायतदाराला ‘डझनामागे शंभर कमी करा की’ असे लिहू नये. अगदीच राहवत नसेल, तर आधी अ‍ॅपलला लिहून पाहावे.