बिनपगारी कारकुनांचा सत्कार

निरवांगीतल्या एखाद्या घराचे ड्राइव्हवरचे फोल्डर घ्या. आत सातबारा, उसाची पावती, डाळिंबाचे दोन फोटो. पुण्यातला पुतण्या ते मॅकवर उघडतो, गावातले चुलते जुन्या विंडोजवर. कागद चार, फाइली सात. नीरेकाठी हरळीही इतकी बिनबोभाट वाढत नाही.

पण जास्तीच्या या तिघी उपऱ्या नव्हेत, कर्तव्यदक्ष आहेत. 'डॉट डीएस स्टोअर' ही मॅकची. कोणते चिन्ह कुठे बसले होते, वगैरे टिपून ठेवते. 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' विंडोजच्या फोल्डरचा चेहरामोहरा जपते, तर जुन्या विंडोजची 'थम्ब्ज डॉट डीबी' फोटोंच्या चिमुकल्या नकला. तिघी घरात पडदानशीन. परक्या यंत्रावर मात्र पदर ढळतो आणि चुलते फोन लावतात, "अरे, हे काय पाठवलंस?"

ड्रॉपबॉक्स तिघींना दारातच अडवते. केवढा हा अन्याय! कागदापेक्षा कागदाची नोंद थोर, हे ज्या राज्याने पिढ्यानपिढ्या मानले, तिथे तरी असे होऊ नये. उलट प्रत्येक लपलेल्या फाइलीचा स्वतंत्र उतारा निघावा, 'इतर हक्क' रकान्यासह. तो उतारा फोल्डरात कुठे ठेवला, याची नोंद ठेवायला आणखी एक लपलेली फाइल असावी.

पुतण्याने एका रविवारी तिघींनाही कचरापेटीत घातले. खरेच गेल्या का, हे पाहायला त्याने मॅकवर फोल्डर उघडले, चिन्हे जरा नीट लावली.

पाहणी झाल्याची नोंद करायला डॉट डीएस स्टोअर हजर.