वाडीला जाऊन कार्बोनिल शिका

साहित्य: वाटीभर बासुंदी, कापराची एक वडी आणि बारावीचं रसायनशास्त्र साफ विसरलेला एक माणूस. तो माणूस तुम्हीच, असं इथे गृहीत धरलं आहे.

आधी दत्ताचं दर्शन घ्या. रसायनाशी त्याचा संबंध नाही. पण नरसोबाच्या वाडीला येऊन थेट बासुंदीकडे वळणं बरं दिसत नाही.

आता वाटीत बघा. दूध पांढरं, साखर पांढरी, मग हा बदामी रंग आला कुठून? साखरेवर संशय घेऊ नका. तिच्यातला ग्लुकोजचा अल्डिहाइड आणि फ्रुक्टोजचा कीटोन, दोघेही कार्बोनिलवाले (म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेले), एकमेकांतच गुंतलेले. बाहेरच्यांकडे ढुंकून बघत नाहीत. रंग आणतो तो दुधातलाच लॅक्टोज. आटवताना त्याच्या टोकाचं कडं उघडतं, अल्डिहाइड मोकळा होतो आणि प्रथिनांतल्या लायसिनचा अमिनो गट त्याला येऊन भिडतो. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही अभिक्रिया १९१२ मध्ये मांडली. बासुंदी आटवणारे तिच्यासाठी थांबले नव्हते.

मग कापूर घ्या. हा कीटोन. पेटवू नका, पेटण्याचा इथे मुद्दा नाही. कार्बोनिलमधला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, कार्बनवर थोडा धनभार येतो आणि इलेक्ट्रॉन बाळगून असलेली मंडळी तिकडे धावतात. अल्डिहाइडच्या कार्बनशेजारी एका बाजूला नुसता हायड्रोजन, त्यामुळे वाट मोकळी. कीटोन म्हणजे दोन मेव्हण्यांच्या मधे बसवलेला जावई: जवळ जायला जागा नाही, आणि मेव्हणेच आग्रहाने वाढत असल्यामुळे त्याला भूकही उरलेली नाही. कापरात तर वरच्या अंगाला आणखी दोन मिथिल गट ठाण मांडून असतात. हायड्राइड घेऊन येणाऱ्या सोडियम बोरोहायड्राइडलाही बहुतेक वेळा खालूनच शिरावं लागतं.

अल्डिहाइड आणि कीटोनमधल्या या फरकावर विश्वास बसत नसेल तर चांदी लावून बघा. चांदीच्या दागिन्यांची हुपरी जवळ आहे म्हणून पैंजण आणायला धावू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनिया पुरे. या टोलेन्स द्रावणात अल्डिहाइड घालून नळी गरम पाण्यात धरली की काचेला आतून आरसा चढतो. कापूर घालून संध्याकाळच्या पालखीपर्यंत बसलात तरी आरसा मिळणार नाही.

हे द्रावण मात्र ताजंच करायचं. साठवून ठेवलं तर त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होतं. उरलेलं सौम्य आम्ल घालून लगेच निकामी करा, आणि कृष्णेत तर थेंबभरही ओतू नका.