सुताराविना स्वयंपाकघर

स्वयंपाकघराची कपाटे घरीच बनवण्याच्या प्रथेचे स्वागत करावे तेवढे थोडे. आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटरचे प्लायवूड, एक ड्रिल आणि एक छोटा व्हिडिओ एवढ्या भांडवलावर पिढीजात सुतारकी निकालात निघते. कपाट काटकोनात नाही, असा आक्षेप काही गुण्याधारी मंडळी घेतात. पण आपल्या इमारतींच्या भिंती तरी कुठे काटकोनात असतात? वाकड्या भिंतीला घरचेच वाकडे कपाट जुळणार. दार आपोआप उघडते, हाही दोष नव्हे. मॉड्युलरवाले त्याचे जादा पैसे लावतात.

शिवाय शास्त्र पाठीशी आहे. नॉर्टन, मोचोन आणि एरिअली यांनी २०१२च्या निबंधात दाखवले, की स्वतः जोडलेली वस्तू माणसाला अधिक मोलाची वाटते. काम अर्धवट राहिले की ही माया आटते, असेही त्यात आहे. पण करवतीच्या धांदलीत तिथवर वाचतो कोण? याच न्यायाने सोसायट्यांनी लिफ्टही रहिवाशांकडून जोडून घ्यावी. तिच्यावर सर्वांचा जीव राहील. सुतारांनी मात्र या चळवळीला उगाच घाबरू नये. नव्या कपाटाचा एक दर आणि मालकाने स्वहस्ते केलेले सरळ करण्याचा दुप्पट, एवढा फलक लावला की पुरे.