परीक्षा कोणाच्या पक्षाची?

४ जून २०२४ ला देशात दोन निकाल लागले. एक लोकसभेचा, तो त्या दिवशी लागणारच होता. दुसरा वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा. तो १४ जूनला लागणार असं सांगितलं होतं, पण दहा दिवस आधीच येऊन टपकला. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी काका एका पक्षाचे, आणि खास भांडायला अलकापुरीहून येणारे मामा दुसऱ्या पक्षाचे. लोकसभेच्या जागांवर दोघांचं पुरेसं बोलून होत नाही तोच कळलं, की नीटमध्ये ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण पडलेत. जागांचा वाद मागे पडला आणि गुणांचा सुरू झाला.

त्यात गोध्रा. तिथल्या एका केंद्राचं प्रकरण मे महिन्यातल्या परीक्षेपासूनच गाजत होतं आणि तपासाचा धागा बडोद्यापर्यंत आला होता. आरोप असा, की न येणारे प्रश्न मुलांनी कोरे सोडायचे आणि योग्य ती रक्कम पोचली असेल तर मागाहून मास्तर ते भरणार. आजीला हे दोनदा समजावून सांगावं लागलं. तिच्या काळी पेपर कोरा ठेवून आलेल्या मुलाला बापाचा मार मिळे. कोऱ्या जागेलाही भाव येऊ शकतो हे तिच्या पचनी पडेना. मामा म्हणाले, "हे तुमच्या सरकारचं." काका म्हणाले, "अहो, परीक्षा आणली तुमच्यांनीच!"

इथे काका खरे होते, आणि तीच त्यांची पंचाईत. २०१० मध्ये मेडिकल कौन्सिलनं नीटची अधिसूचना काढली तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंगांचं सरकार होतं आणि गांधीनगरात नरेंद्र मोदींचं, आणि नीटला विरोध करणाऱ्या राज्यांत गुजरात होतं. त्या वर्षांत आमच्या ओट्यावर काका राज्यांच्या अधिकारांविषयी इतकं तळमळीनं बोलत, की रस्त्यावरचा माणूस त्यांना मद्रासचा समजला असता. मामा तेव्हा 'एक देश, एक परीक्षा' या मताचे. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नीट रद्द केली तेव्हा काकांनी पेढे वाटले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयानं आपला निकाल मागे घेतला. तोवर दिल्लीतलं सरकार बदललं होतं. काका आणि मामा यांनी एकमेकांची भाषणं अदलाबदल करून घेतली. उदाहरणंसुद्धा तीच, खेड्यातली हुशार मुलगी वगैरे. ती बिचारी मुलगी दोन्हीकडून साक्ष देऊन थकली असेल. आपल्या जागेवरून हलले नाहीत ते तमिळ लोक. तिथे जयललिता असोत की स्टालिन, नीट नको म्हणजे नको. एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष एका बाजूला उभे आहेत हे बघून काका-मामा दोघांनाही जरा अस्वस्थ होतं.

२०१९ च्या नोव्हेंबरात ममता बॅनर्जींनी विचारलं, इंजिनिअरिंगची जेईई मेन इंग्रजी-हिंदीखेरीज फक्त गुजरातीतच का? त्या दिवशी आमच्या घराची खरी फाळणी झाली. आम्ही बडोद्याचे मराठी. घरात मराठी, शाळेत गुजराती, भांडणात दोन्ही. ठाण्याची मावशी फोनवर कडाडली, "तुमच्या गुजरातचे लाड!" परीक्षा घेणाऱ्या एजन्सीनं मग खुलासा केला: २०१३ मध्ये सगळ्या राज्यांना विचारलं होतं; राज्यातले प्रवेश या परीक्षेवर द्यायला एकटं गुजरात तयार झालं आणि पेपर गुजरातीत मागितला. २०१४ मध्ये महाराष्ट्रही आला, मराठी आणि उर्दू पेपर मिळाले. २०१६ मध्ये दोन्ही राज्यं बाहेर पडली. मराठी-उर्दू पेपर थांबले, गुजरातची विनंती तेवढी चालू राहिली. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपलं आपणच घालवलं?" आणि विषय बदलून आंब्यावर आली. पुढे २०२१ पासून तेरा भाषा झाल्या आणि भांडणातला रसच गेला.

या शहराला शिक्षणाच्या सक्तीची सवय मात्र जुनी. बडोद्याचे महाराज सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात नेलं. मूल शाळेत नाही गेलं तर दंड आईबापांना. शेतात हात कमी पडतात म्हणून कुरकुरणारे बाप तेव्हाही होते. स्वतः महाराज कवळाण्याच्या शेतकरी घरातले. १८७५ मध्ये बाराव्या वर्षी दत्तक म्हणून बडोद्याला आणल्यावर त्यांचं खरं शिक्षण सुरू झालं. आजच्या हिशेबानं तो मुलगा फाउंडेशन बॅचलाच उशिरा आलेला. बडोद्याचा दाखला देऊन गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात असंच विधेयक मांडलं. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. काका आणि मामा या एका बाबतीत मात्र एकमतानं गोखल्यांच्या बाजूचे आहेत. शंभराहून अधिक वर्षांनी ते सोपं जातं.

२००९ मध्ये गुजरातनं गुणोत्सव काढला. मंत्री आणि अधिकारी गावच्या शाळेत जाऊन मुलांचं वाचन-लेखन-गणित तपासणार, शाळेला श्रेणी देणार. कल्पना वाईट नव्हती. मंत्र्याला वर्षातून एकदा शाळेच्या बाकावर बसावं लागायचं. मला एवढंच वाटे, पाढे म्हणायची पाळी आलटून पालटून यावी. त्याच वर्षी दिल्लीनं आठवीपर्यंत कुणाला नापास करू नये असा कायदा केला आणि २०१९ मध्ये पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना दिली. म्हणजे नापास व्हायचं की नाही हे मुलाच्या अभ्यासापेक्षा त्याच्या जन्मवर्षावर अवलंबून.

वाद हाताबाहेर जायला लागला की कुणीतरी विनोबांना काढतं. ते तर आमच्या बडोद्याचे. घरीच आईसमोर त्यांनी चुलीत सर्टिफिकेटं जाळली आणि मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरून सुरतेलाच उतरले, ते काशीला गेले. काका म्हणतात, "त्याग!" मामा म्हणतात, "व्यवस्थेचा निषेध!" दोन्ही पक्षांना ते हवे आहेत, कारण त्यांचा निकालच लागला नाही.

परवा बारावीतल्या पुतणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी पण सुरतेला उतरू का?"

"गप्प बस!" दोघेही एकदम ओरडले. परीक्षेच्या बाबतीत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं. मग कोचिंगचा पुढचा हप्ता काकांनी भरायचा की मामांनी, यावर पुन्हा दोन पक्ष पडले.