अहो, ऐकलंत का, रिचमंडचं?

अहो, ऐकलंत का? त्या मॅक्लेलनचं हो! अमेरिकेचे अध्यक्ष खाली दिवाणखान्यात ताटकळताहेत आणि हे सेनापती वर जाऊन चक्क झोपले. १३ नोव्हेंबर १८६१ची रात्र. लिंकनसाहेब आपणहून त्याच्या घरी गेलेले, बरोबर परराष्ट्रमंत्री सीवर्ड आणि तो सेक्रेटरी पोरगा, जॉन हे. नोकर म्हणाला, साहेब लग्नाला गेलेत, बसा. बसले तासभर. मग स्वारी आली. नोकराने सांगितलं, अध्यक्ष आलेत. तर हा दिवाणखान्याच्या दारावरून तसाच पुढे, जिना चढून वर! आणखी अर्धा तास गेला. पुन्हा निरोप धाडला, तर उत्तर काय, साहेब झोपले. जॉन हे नुसता धुमसत होता, डायरीत लिहूनच ठेवलंय त्याने. लिंकन मात्र म्हणाले, ही वेळ मानापमान काढत बसायची नाही. मी असते ना तर... जाऊ दे.

तर काय सांगत होते, रिचमंड. वॉशिंग्टनपासून शंभरएक मैल, म्हणजे आपलं मुंबई-पुणे धरा. दक्षिणेच्या राज्यांनी त्या डेव्हिसला अध्यक्ष करून गुलाम ठेवायचे म्हणून वेगळी चूल मांडली ती आधी तिकडे लांब अलाबामात, माँटगोमरीला. आणि मे १८६१मध्ये उचलून आणली कुठे, तर लिंकनच्या नाकासमोर! आता त्यालाही कारण होतं म्हणा. व्हर्जिनियासारखं बडं राज्य येऊन मिळालेलं, त्याचा मान राखायला नको? शिवाय तोफा ओतणारा तो ट्रेडेगरचा कारखाना रिचमंडातच. पण मग इकडे न्यूयॉर्क ट्रिब्यूनने धोशाच लावला, चलो रिचमंड, चलो रिचमंड! पेपरवाल्यांचं काय जातंय?

२१ जुलैला, रविवारी, उत्तरेची फौज भिडली की बुल रनला. आणि मागून कोण, तर वॉशिंग्टनची बडी मंडळी, बग्ग्या काढून, खाण्याच्या टोपल्या घेऊन, लढाई बघायला! फौज उधळली तशी पिकनिकही उधळली. न्यूयॉर्कचे ते इली, काँग्रेसचे मेंबर बरं का, सापडले तावडीत. गेले एकदाचे रिचमंडला, पण कैदी म्हणून.

मग आमचा मॅक्लेलन. वय ३४, 'यंग नेपोलियन' म्हणायचे लोक, आणि त्यालाही ते पटलेलं. फौज अशी घोटून तयार केली की बघत राहावं. पण हलायचं नाव नाही. शेवटी लिंकन म्हणाले म्हणे, जनरलना फौज लागत नसेल तर थोडे दिवस मला उसनी द्या! तेव्हा कुठे १८६२च्या वसंतात लाखावर माणसं बोटीत घालून समुद्रामार्गे खाली उतरवली. यॉर्कटाउनला समोर मूठभर लोक, आणि त्यांचा म्होरक्या मॅग्रुडर. त्याला नाटकांचा भारी नाद हो. त्याने काय करावं, तीच ती पलटण झाडीतून बाहेर काढायची, समोरून मिरवायची, मागून वळवून पुन्हा झाडीतून बाहेर! मॅक्लेलन बसला मोजत. त्यात तो पिंकर्टन डिटेक्टिव्ह, शत्रूचे आकडे दुपटीने फुगवून कानात घालणारा. महिना गेला, अख्खा महिना. मोठ्या तोफा मांडून होईतो समोरचे रातोरात पसार.

तरी पोचले हो! रिचमंडच्या चर्चच्या घंटा छावणीत ऐकू येत होत्या, इतके जवळ. ३१ मेच्या लढाईत दक्षिणेचा सेनापती जॉन्स्टन जखमी झाला आणि त्याच्या जागी आले रॉबर्ट ली. तोवर लींचं कौतुक नव्हतं कोणाला. खंदक खणायला लावतात म्हणून 'फावड्यांचा राजा' म्हणून हसायची त्यांचीच माणसं.

आणि आता आतलं सांगते. लींचा घोडदळवाला स्टुअर्ट, टोपीत पीस खोवणारा, त्याने जूनमध्ये मॅक्लेलनच्या अख्ख्या फौजेला वळसा घातला. पाठलागावर कोण होतं? फिलिप सेंट जॉर्ज कुक. त्याचा सख्खा सासरा! सासरे उत्तरेकडून राहिले म्हणून या जावयाने आपल्या लेकाचं नाव बदललं होतं हो. आजोबांचं ठेवलेलं, ते पुसून स्वतःचं ठेवलं. त्या बिचाऱ्या फ्लोराचं काय झालं असेल, वडील इकडे, नवरा तिकडे... आणि मॅक्लेलनची एलेन माहितीये ना? तिचं आधी ए. पी. हिलशी ठरलं होतं. घरच्यांनी मोडलं. तोच हिल आता रिचमंडच्या बाजूने मॅक्लेलनवर तुटून पडतोय! सैनिक म्हणे कपाळाला हात लावायचे, की नेली बाई, यालाच का नाही केलंस लग्न, आम्ही तरी सुटलो असतो.

सात दिवस ओळीने लढाया झाल्या आणि मॅक्लेलन जेम्स नदीकाठी येऊन टेकला. माघार म्हणायचं नाही हं. तळ बदलला म्हणायचं!

मॅक्लेलननंतरचे दोघे सेनापती फार सांगण्यासारखे नाहीत. बर्नसाइडचे तरंगते पूल उशिरा पोचले, आणि डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला बारा हजारांवर माणसं मेली, जखमी झाली. हुकर तोंडाचा मोठा. दुपटीने फौज असून १८६३च्या मेमध्ये चॅन्सलर्सव्हिलला मार खाल्ला.

आणि रिचमंडात तरी काय सुख होतं? गाव सैनिकांनी, निर्वासितांनी फुगलेलं, भाव आभाळाला टेकलेले. २ एप्रिल १८६३ला बायकाच उतरल्या रस्त्यावर, कुऱ्हाडी घेऊन, ब्रेड ब्रेड ओरडत दुकानं फोडली. खुद्द डेव्हिस गाडीवर उभा राहिला, खिशातली नाणी काढून गर्दीत फेकली आणि म्हणाला, घरी जा, नाहीतर गोळ्या घालतो. त्याच गावात 'स्टार्व्हेशन पार्ट्या' व्हायच्या. नाच, गाणं सगळं, खायला काही नाही, प्यायला नदीचं पाणी.

तर आता उत्तरेचा नवा सेनापती, ग्रँट. मार्च १८६४मध्ये वॉशिंग्टनच्या विलर्ड हॉटेलात आला तेव्हा काउंटरवरच्याने ओळखलं नाही, कोपऱ्यातली खोली द्यायला निघाला. वहीत सही बघितली, 'यू. एस. ग्रँट आणि मुलगा', आणि चेहरा असा पडला म्हणता! या ग्रँटने गावाचा नाद सोडला. ली जिकडे, आपण तिकडे, एवढंच. मेमध्ये जंगलात पहिला सडकून मार बसला. आधीचे सगळे अशा वेळी परत फिरायचे. याने रात्री तोंड दक्षिणेकडे वळवलं, तर मार खाल्लेले सैनिक अंधारात ओरडून आनंद करायला लागले! पण किंमत विचारू नका. सहा-सात आठवड्यांत मेलेले, जखमी, हरवलेले मिळून पन्नास हजारांवर. कोल्ड हार्बरला तर माणसं हल्ल्याआधी कोटाला नावाच्या चिठ्ठ्या टाचत होती, मागाहून ओळख पटावी म्हणून. वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही.

मग तो बसला पीटर्सबर्गला, साडेनऊ महिने. रिचमंडला धान्य नेणारे रेल्वेचे फाटे तिथे मिळायचे ना! एकेक करत तोडले. तिकडे मॅक्लेलन काय करतोय त्या वर्षी? लिंकनविरुद्ध निवडणुकीला उभा! पडला.

आणि २ एप्रिल १८६५, पुन्हा रविवार. डेव्हिस सेंट पॉल्स चर्चमध्ये बसलेला. चर्चचा सेवक हळूच आला, हातात तार. लींची. फळी फुटली, आज रात्री गाव सोडा. बायका बघत होत्या हो, चेहरा राखेसारखा झाला. एक शब्द नाही, उठला, निघाला. रात्री आगगाडीने डॅनव्हिलला पळाले सगळे. जाताना तंबाखूची गोदामं पेटवली आणि गावाची बाजारपेठ जळली. दारूची पिंपं गटारात ओतली, ती लोकांनी ओंजळीने प्यायली. त्या रविवारी सकाळीच ए. पी. हिल गोळी लागून गेला. एलेनला कोणी कळवलं असेल...

दुसऱ्या दिवशी उत्तरेची फौज शिरली, त्यात काळे घोडेस्वारही. आणि ४ तारखेला लिंकन स्वतः चालत! मुलाचं, टॅडचं बोट धरून. टॅडचा बारावा वाढदिवस होता त्या दिवशी. कालपरवापर्यंत गुलाम असलेली माणसं भोवती गर्दी करून रडत-हसत होती, गोऱ्यांच्या खिडक्या बंद. डेव्हिसच्या खुर्चीत बसून मागितलं काय, तर पेलाभर पाणी.

एक राहिलंच. चर्च हिलवरची ती व्हॅन ल्यू बाई. उत्तरेच्या कैद्यांना जेवण, पुस्तकं पोचवायची आणि गावातली बित्तंबातमी ग्रँटकडे. शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत! १८६९मध्ये ग्रँट अध्यक्ष झाला आणि तिला रिचमंडची पोस्टमास्तर केली. गावाने मात्र वाळीत टाकली ती शेवटपर्यंत. तेव्हा रिचमंड कोणी घेतलं विचाराल, तर मी ग्रँटचं नाव घेईन आणि या बाईचं. मॅक्लेलनचं माझ्यापुढे काढू नका.