सत्तीचे राखणदार

सुरतेतल्या उधन्याच्या ज्या चाळींतून नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, अमळनेर इकडची मंडळी पोटामागे येऊन स्थायिक झाली, त्यांच्या ओट्यांवर, यंत्रमागाची बारा तासांची पाळी संपवून कानांत अद्याप धोट्याचा खडखडाट वागविणारे चार गृहस्थ बदाम सात खेळावयास बसतात. आणि त्या चौघांत एक आप्पा हटकून असतातच. बाकीचे तिघे खेळतात. आप्पा तहकुबी मागतात.

पाने वाटली गेली की आपल्या वाट्यास काय आले हे इतरेजन पाहतात, तर इतरांना काय लाभू द्यावयाचे नाही याच्या विवंचनेत आप्पा पडतात. आणि आपली तेरा पाने हातात नीट लावून घेण्यास त्यांना जो अवधी लागतो, तेवढ्यात ताप्ती लायनीवरील पॅसेंजरने उधना सोडून चलथाण गाठावे. किल्वरची सत्ती आली असेल तर ती सर्वांत आत, अंगठ्याखाली जाते; कारण ते एक पान जोवर खाली उतरत नाही तोवर उरलेली बाराही किल्वरे, मग त्यांत एक्का असो वा राजा, ज्याच्या त्याच्या हाती नजरकैदेत राहावयाची. आता चालणारे पान हाती असता पास म्हणणे या खेळात निषिद्ध असल्यामुळे सत्ती दाबून नुसते स्वस्थ बसता येत नाही, आणि आप्पांच्या मुत्सद्देगिरीचे खरे वैभव प्रकटते ते येथेच. बदामाची नव्वी, दश्शी, गुलाम, राणी अशी सलग ओळ त्यांच्याकडे असली, तर अठ्ठी पडल्यावर ती वाट त्यांच्यावाचून कोणासच पुढे नेता येत नाही. मग दर खेपेस त्यांतले एकेक पान सावकाश खाली ठेवून ते कायदाही पाळतात आणि जप्तीही कायम राखतात.

"टाक ना भो सत्ती!" समोरचा कळवळतो.

"तुले कोनी सांगं?" आप्पा पानांवरून दृष्टी न काढता विचारतात.

एवढे करून डाव त्यांचा होतो म्हणावे, तर तसेही नाही. ज्याच्याकडे किल्वर नावालाही नाही असा एखादा भाग्यवान हात रिकामा करून मोकळा होतो, आणि सत्ती आप्पांच्याच गळ्यात राहते. तरी आपल्या अंगावर बसलेल्या गुणांपेक्षा शेजाऱ्याच्या अंगावर अधिक बसले, या हिशेबात त्यांना जे समाधान लाभते, ते विजेत्यालाही लाभत नसावे. गणपतीच्या वर्गणीचे दप्तर दारी आले असता बाकीच्या खोल्यांचे आकडे पाहिल्यावाचून खिशात हात न घालणारे आप्पा हेच.

अखेर, प्रत्येक पानास दोन मिनिटांची मुदत असावी असा ठराव तिघांनी मांडला. आप्पांनी त्यास तत्काळ अनुमोदन दिले. अंमल मात्र दिवाळीनंतर, मंडळी गावाहून परतल्यावर करावा, एवढीच उपसूचना जोडली.